पहिला निकाराग्वा सिगार पेटवण्याआधी

(खरेदीसोबत देण्याचा कागद. फक्त १८ वर्षांवरील ग्राहकांसाठी.)

सिगार मागणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कडक आहे का?" निपाणी इथून, म्हणजे कोल्हापुरातून, तासाभरावर. तिथली तंबाखू चुन्यासोबत तळहातावर मळणाऱ्या मुलखात हा प्रश्न येणारच. पण सिगारमध्ये कडकपणा वेगळा आणि चव वेगळी. पांढरा रस्सा आठवा. तांबड्यासारखा तो घाम काढत नाही, तरी त्याला कुणी बेचव म्हणत नाही. उलट खसखस, नारळाचं दूध, मटणाचा अर्क हे सगळं त्यातच नीट कळतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला आम्ही सौम्य ते मध्यम सिगार काढून देतो तो याच हिशेबाने.

दुसरं काही सांगण्याआधी हे सांगतो. सिगार निर्धोक नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. आजवर ओढत नसाल तर हा कागद वाचून सुरू करू नका. आमचं एक गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

पान कुठलं?

१९५९ च्या क्रांतीनंतर क्युबातले बरेच तंबाखूवाले देश सोडून बाहेर पडले. त्यातले काही मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात पोचले आणि क्युबन बियाणं तिथल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीत रुजलं. एस्तेली या गावात १९६८ मध्ये देशातला पहिला मोठा सिगार कारखाना निघाला. पुढे १९७९ ची क्रांती, मग यादवी, १९८५ ते १९९० अमेरिकेची व्यापारबंदी. एवढं होऊनही धंदा टिकला. आज सिगारच्या दुनियेत एस्तेलीचं नाव निघतं ते आपल्याकडे चपलेसाठी कोल्हापूरचं निघावं तसं.

एकाच देशात पानाचा स्वभाव गावागणिक बदलतो. एस्तेलीचं पान जोरदार आणि मिरमिरीत. होंडुरासच्या सीमेलगतच्या जालापा खोऱ्यातलं मऊ, जरा गोडसर. कोंदेगाचं या दोघांच्या मधलं. सौम्य सिगारच्या भरण्यात जालापाचं पान सढळ असलं की गोडवा वर येतो. शिवाय एकाच झाडाची पानंही सारखी नसतात. शेंड्याकडचं पान ऊन खातं, म्हणून ते जाड आणि कडक. त्याला लिखेरो म्हणतात. मधलं सेको सुगंधाचं. बुडाकडचं वोलादो पातळ, ते नीट जळण्यासाठी घालतात. सौम्य सिगारमध्ये लिखेरो हात राखून घातलेलं असतं, एवढंच त्याचं गुपित.

वरचं गुंडाळीचं पान फिकट, तुपकट रंगाचं दिसलं तर ते बहुधा कनेक्टिकट जातीचं असतं आणि पुष्कळदा इक्वेडोरमध्ये पिकलेलं. तिथे ढगांची सावली असते, त्यामुळे पान पातळ आणि नाजूक येतं. म्हणजे 'निकाराग्वा' म्हणून घेतलेल्या सिगारचा अंगरखा परदेशी असू शकतो. यात फसवणूक काही नाही. सगळं पान एकाच देशाचं असेल तर त्या सिगारला 'पुरो' म्हणतात.

आपली हवा

सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे ती क्वचितच मिळते. जुलैत गगनबावड्याकडून ढग उतरले की घरातली आगकाडीसुद्धा सादळते. सिगार फुगतो, ओढायला जड जातो, सारखा विझतो आणि कडवट लागतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी नेमकं उलटं : वरचं पान तडकतं आणि सिगार चरचर जळून जातो. घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि त्यात आर्द्रता राखणारी पुडी टाका. पुडी आमच्याकडे मिळते. फ्रिजमध्ये नेहमीसाठी ठेवू नका, सिगार सुकतो आणि लसणीच्या चटणीचा वास धरतो.

उष्णता हा दुसरा शत्रू. तंबाखूत भुंगेऱ्याची अंडी असू शकतात आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात ती फुटतात. एका मे महिन्यात आमचीच एक पेटी अशी गेली. पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि तळाशी पीठ. तेव्हापासून आम्ही डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवायला सांगतो.

ओढताना

पोटात काहीतरी असू द्या, पण मिसळीवर लगेच सिगार नको. तिखटाने भाजलेल्या जिभेला काही कळत नाही. तासभर जाऊ द्या. सोबत साधं पाणी किंवा कोरी कॉफी पुरे.

टोपीकडचं, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक दोन मिलिमीटरच कापा. जास्त कापलंत तर वरचं पान उलगडत जातं. पेटवण्याआधी एक कोरा झुरका घ्या. वाळल्या कडब्याचा, जरासा कोकोचा वास येतो. धूर यायच्या आधीची ही चव बरेच जण चुकवतात. मग आगकाडी किंवा गॅसचा लायटर घ्या. पेट्रोलच्या लायटरचा वास तोंडात राहतो. ज्योत सिगारला टेकवायची नाही, पापड शेकतो तसा लांबूनच फिरवत कड लाल करायची.

आणि आता मुख्य गोष्ट : धूर गिळू नका. विडीची सवय असलेले एक काका आमच्याच पायरीवर तिसऱ्या झुरक्याला छातीत धूर ओढून बसले. तंबाखू लागली, घाम फुटला, गरगरायला लागलं. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिल्यावर माणसात आले. धूर तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केली की सिगार तापतो आणि चव करपते.

रोबुस्तो मापाचा सिगार, म्हणजे पाच इंच लांब आणि पन्नास रिंगचा (एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग), पाऊण ते एक तास चालतो. या तासात चव तीनदा कूस बदलते. सुरुवातीला जिभेच्या शेंड्यावर काळी मिरी आणि मागून दुधावरची साय. मधल्या भागात भाजले शेंगदाणे, लाकूड आणि कधी कधी गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहिल्यावर येतो तो वास. हा वास आम्हाला दर वेळी येत नाही. येतो तेव्हा मात्र पैसे वसूल. तोंडातल्या धुरातला थोडा नाकावाटे सोडून पाहा, मिरी तिथे जास्त कळते. शेवटी माती आणि कडक कॉफी. आमचं वर्णन तुमच्या जिभेला पटलंच पाहिजे असं नाही.

राख सारखी झटकू नका, इंचभर राहू द्या. कागदी पट्टी आधी ओढून काढू नका. सिगार तापला की डिंक सुटतो आणि ती अलगद निघते. मध्येच विझला तर राख पाडून पुन्हा पेटवा. दुसऱ्या दिवशीसाठी मात्र ठेवू नका, शिळ्या सिगारला वास मारतो. बोटांना चटका जाणवू लागला की थांबा. चिरडायचा नाही, राखदाणीत ठेवून द्यायचा, आपोआप विझतो.

रंकाळ्याकाठी बसून ओढायची हौस आम्हालाही कळते, पण सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे. स्वतःची गच्ची बरी, आणि तिथेही लेकरं, म्हातारी माणसं नसताना.

सिगार सुकला, फुगला किंवा त्यावर पांढरं काही दिसलं तर फेकण्याआधी दुकानात घेऊन या. पांढरं लोकरीसारखं वर आलेलं असेल तर ती बुरशी, तो सिगार ओढायचा नाही. नुसता सुकला असेल तर आमच्या डब्यात दोन-तीन आठवडे ठेवून पाहू. त्याचे पैसे लागत नाहीत.