नवा उपचार येईल म्हणून वणावरची पट्टी बंद करू नका

‘स्टेम सेलने वण पूर्ण पुसता येतो म्हणे. मग तो उपचार येईपर्यंत थांबू का? पट्टी लावत बसण्यात काय अर्थ?’

आम्ही वणावर लावायच्या सिलिकॉनच्या पट्ट्या विकतो आणि हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. विचारणाऱ्यांचे टाके निघून बहुधा दीड-दोन महिने झालेले असतात. वण लाल असतो, फुगलेला असतो, रात्री खाजतो, आणि नेमकी त्याच वेळी एखादी बातमी वाचनात येते. काही जण आम्हाला विचारतात. काही जण न विचारताच पट्टी काढून डबीत ठेवतात आणि सात-आठ महिन्यांनी कडक झालेला वण घेऊन परत येतात. तोवर ज्या काळात वणाला वळण लावता येते तो काळ बराचसा संपलेला असतो. म्हणून हे पत्रक.

त्या बातम्या खोट्या नाहीत, हे आधी सांगतो. वण न ठेवता त्वचा भरून यावी यासाठी जगभर मन लावून काम चालू आहे आणि आम्ही ते आस्थेने वाचतो. पण त्यात नक्की काय साधले आहे ते नीट समजून घेतले, तर थांबण्याचा विचार तुम्ही स्वतःच सोडून द्याल.

त्वचेचा अगदी वरचा थर आपला आपण नवा होत असतो. जखम त्याखालच्या जाड थरात शिरली की शरीर ती लवकरात लवकर बुजवते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे कोलॅजनचे तंतू भराभर घालतात. चांगल्या त्वचेत हे तंतू टोपलीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. वणात ते दाट आणि एकाच दिशेने पडतात. केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी तिथे परत उगवत नाहीत. अशी भरलेली जागा तीन महिन्यांनी मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्के मजबुतीपर्यंत पोचते आणि पुढेही पूर्ण पहिल्यासारखी होत नाही.

आईच्या पोटातल्या बाळाचे मात्र वेगळे आहे. साधारण २४ आठवड्यांपर्यंत त्याच्या त्वचेवरची जखम वण न ठेवता भरते. हे लक्षात आल्यापासून शास्त्रज्ञ त्यामागचे कारण शोधत आहेत. गर्भाच्या जखमेत टीजीएफ-बीटा ३ हे प्रथिन तुलनेने जास्त आणि टीजीएफ-बीटा १ कमी असते, असे दिसले. त्यावरून मँचेस्टरचे मार्क फर्ग्युसन यांच्या रेनोव्हो कंपनीने जुव्हिस्टा नावाचे इंजेक्शन तयार केले. सुरुवातीच्या चाचण्यांचे निकाल इतके आशादायक होते की २००९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ मध्ये तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी अपयशी ठरली आणि ते औषध बाजारात आलेच नाही. ‘लवकरच येणार’ असे लिहिलेली बातमी वाचताना हे उदाहरण जरूर आठवा.

त्यानंतरचे काम आम्हाला जास्त मोलाचे वाटते. स्टॅनफर्डमधल्या मायकेल लाँगेकर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की उंदराच्या पाठीवरचा वण मुख्यतः फायब्रोब्लास्टच्या एका विशिष्ट कुळातून तयार होतो. २०२१ मध्ये त्यांनी पुढचा दुवा मांडला. जखमेच्या कडांवर ओढ बसते, ती ओढ पेशींना जाणवते आणि याप नावाच्या प्रथिनामार्फत त्या वण घडवण्याच्या कामाला लागतात. व्हर्टेपोर्फिन हे औषध डोळ्यांच्या पडद्याच्या आजारासाठी आधीपासून वापरात होते. ते जखमेत टोचून हा निरोप अडवला, तेव्हा उंदरांची त्वचा केसांसकट आणि ग्रंथींसकट भरून आली. काटेरी उंदराच्या काही आफ्रिकी जाती तर निसर्गतःच असे करतात. शत्रूच्या तावडीत पाठीचे कातडे सोडून पळतात आणि नंतर केसांसकट नवे कातडे उगवते. त्याची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा हा वेगळा प्रवाह आहे. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवण्याची पद्धत दिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उपचारात, जर्मनीतल्या एका सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा, जनुक दुरुस्त केलेल्या त्याच्याच पेशींपासून वाढवून बदलली गेली आणि तो वाचला. थोर काम आहे. पण ते ज्यांना अंगावर त्वचाच उरलेली नाही अशांसाठी आहे. टाक्याच्या रेघेसाठी कोणी ते करत नाही, करूही नये.

आता आमचा मुख्य मुद्दा. जुव्हिस्टा जखमेच्या कडांना शस्त्रक्रियेच्या वेळीच टोचत असत. व्हर्टेपोर्फिनचा तो प्रयोगही ताज्या जखमेवरचा. या सगळ्या संशोधनाचा भर वण घडूच नये यावर आहे. तुमची जखम बंद होऊन दोन महिने झाले असतील, तर असे औषध उद्या मंजूर झाले तरी ते पुढच्या जखमेच्या कामाचे. आत्ताचा वण मात्र आत्ता, या महिन्यांत घडतो आहे.

म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पट्टी सोडू नका. वाढणारा वण जखमेनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत डोके वर काढतो आणि पुढे काही महिने फुगत राहतो. साधा, न फुगणारा वणही या सुमारास सर्वात लाल दिसतो, कारण आत रक्तवाहिन्या आणि कोलॅजन भरात असतात. ग्राहक आरशात पाहतात आणि ‘पट्टीने काहीच झाले नाही, उलट वाढले’ असे ठरवतात. तो वणाच्या वाढीतला नेहमीचा टप्पा असतो. लाली ओसरून वण मऊ, सपाट आणि फिका व्हायला वर्ष लागते, कधी त्याहून जास्त. पट्टी किमान तीन महिने, आणि वण अजून उंच किंवा कडक असेल तर सहा महिने लावा. दिवसाचे बारा तास हे कमीत कमी. अंघोळ सोडून बाकी सगळा वेळ लावता आली तर उत्तम. रोज तीन-चार तास लावून सहा महिने काढलेल्यांची तक्रार आम्ही समजू शकतो, पण तेवढ्या वापरावर आम्ही फरकाची खात्री देत नाही.

पट्टी करते काय? सिलिकॉनमुळे वणावरून पाणी उडून जाण्याचे प्रमाण कमी होते. वरचा थर ओलसर राहिला की खालच्या पेशींना कोलॅजन घालण्याची घाई राहत नाही, असे मानले जाते. आमच्या जाड पट्टीला कापडी पाठ आहे, ती वणावरची ओढही थोडी कमी करते. गुडघा, खांदा, छाती अशा हलत्या आणि ताणल्या जाणाऱ्या जागांसाठी आम्ही तीच सुचवतो. ओढ आणि वण यांचे नाते वर सांगितलेच आहे, त्यामुळे हा सल्ला जास्त किमतीची पट्टी खपवण्यासाठी नाही. चेहऱ्याला पातळ पट्टी किंवा जेल पुरते.

सिलिकॉनवरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि त्यांच्या दर्जाबद्दल तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत, हे आम्ही लपवत नाही. तरीही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी सिलिकॉनला वणावरच्या पहिल्या उपायांत जागा दिली. वण नाहीसा होईल असे आमच्या एकाही पाकिटावर लिहिलेले नाही. तो सपाट, मऊ, कमी खाजरा होण्याची शक्यता वाढते, एवढेच आम्ही म्हणतो. ज्यांनी नेटाने लावली त्यांच्यापैकी अनेक जण पुढच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यातच आमच्याकडे चौकशी करतात.

उघड्या, ओल्या किंवा खपली असलेल्या जखमेवर पट्टी लावू नका. ती लावायची टाके निघून जागा पूर्ण बंद झाल्यावर. (खपली धरण्यासाठी जखम उघडी ठेवून वाळवण्याचा सल्लाही जुना झाला. ओलसर झाकलेली जखम लवकर भरते हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. तुमच्या डॉक्टरांनी दिलेले ड्रेसिंग त्यासाठीच असते.) पट्टी रोज सौम्य साबणाने धुवा, हवेवर वाळवा, खालची त्वचाही धुवा. पुरळ आले की बहुतेक वेळा न धुतलेली पट्टी हेच कारण निघते. उन्हात जाताना नवा वण झाका, नाहीतर तो काळा पडतो आणि तो रंग लवकर उतरत नाही. व्हिटॅमिन ई चे तेल पट्टीखाली चोळू नका. १९९९ च्या एका छोट्या अभ्यासात त्याने वणात सुधारणा दिसली नाही आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकांना त्वचेची ॲलर्जी झाली.

एक्सोसोम (पेशी बाहेर सोडतात ते सूक्ष्म कण) किंवा ‘स्टेम सेल सीरम’ आमच्याकडे का मिळत नाही, असेही विचारले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्येच जाहीर सूचना काढून सांगितले होते की मान्यता मिळालेले एकही एक्सोसोम उत्पादन नाही. महाग बाटली विकणे आम्हाला सोपे आहे. पण त्या बाटलीच्या भरवशावर तुम्ही पट्टी सोडाल, आणि आमची खरी भीती ती आहे.

मागणी नोंदवताना जखम बंद झाल्याची तारीख आणि उजेडात काढलेला एक फोटो आम्ही मागतो. काहींना तो नसता त्रास वाटतो. त्यावरून मापाची, जाडीची पट्टी देता येते आणि केलॉइड, म्हणजे जखमेबाहेर पसरणारा वण, ओळखता येतो. वण मूळ जखमेच्या कडा ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेवर पसरत असेल, विशेषतः छातीच्या मध्यावर, खांद्यावर किंवा कानाच्या पाळीवर, तर आम्ही नुसती पट्टी देत नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी इंजेक्शने सुरू केली आणि जोडीला पट्टी लावायला सांगितली, तर तसे कळवा. माप आमच्याकडे नोंदलेले असते, त्याच दिवशी पाठवतो.

मध्येच बंद केली असेल तरी वर्ष उलटले नसेल तर पुन्हा सुरू करा. फोटो पाठवा. उरलेल्या काळात किती फरक अपेक्षित आहे ते आम्ही विकण्याआधी सांगू.