बदाम सत्ती, पुन्हा बदाम सत्ती

जादूगार पत्त्यांचा कॅट तुमच्याकडे तोंड करून धरतो आणि अंगठ्याने फर्रर्र सोडतो. राजा, दुर्री, गुलाम, सगळी पानं वेगळी. मग कॅट पालथा धरून तसाच सोडत म्हणतो, "हवं तिथं थांबा म्हणा." तुम्ही थांबवता. खाली पडलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पान उचलता, तर बदाम सत्ती. दहा वेळा थांबवा, दहाही वेळा तीच.

कारण कॅटमध्ये बदाम सत्त्याच २६ आहेत! एक साधं पान, एक सत्ती, असे ते लावलेले असतात आणि प्रत्येक सत्ती लांबीला जेमतेम मिलिमीटरभर कापलेली असते. अंगठा अडतो तो फक्त लांब पानांना. लांब पान सुटलं की त्याच्या वरची आखूड सत्ती आधाराविना त्याच्याबरोबरच खाली येते. पानं पडतात ती जोडीने. म्हणून समोरून बघणाऱ्याला नेहमी लांब पानाचंच तोंड दिसतं, आणि पडलेल्या गठ्ठ्यावर नेहमी सत्तीच असते. हातचलाखी म्हणाल तर जवळपास शून्य. काम कात्रीनेच केलेलं असतं. या कॅटला स्वेंगाली म्हणतात. १८९४ सालच्या एका इंग्रजी कादंबरीतल्या, संमोहन करणाऱ्या पात्राचं हे नाव.

मग कडेच्या खाचा दिसत कशा नाहीत? ५२ पानांची थप्पी साधारण १५-१६ मिलिमीटर, म्हणजे एक पान ०.३ मिलिमीटर जाड. निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन लागतो. मीटरभर अंतरावर हे अंतर होतं ०.३ मिलिमीटर. दोन मीटरवर बसलेल्या पाहुण्याला ती खाचखळग्यांची कड सरळच दिसणार. बोटाला मात्र ती लगेच कळते, म्हणून असला कॅट कुणाच्या हातात द्यायचा नसतो.

आणि पावसाळ्यात तर बाहेरच काढू नये. कागद दमट हवेतलं पाणी शोषतो, पानं वाकतात, एकमेकांना चिकटतात. जुलैत भाच्याच्या वाढदिवशी मी हा शहाणपणा केला. पानांची तोंडं दाखवताना एक सत्ती खाली पडायच्या ऐवजी वरच्या पानाला चिकटून राहिली, पुढे आणखी एक.

"मामा," भाचा म्हणाला, "सत्ती दोनदा आली."