पार्श्वभूमी: फिलर आणि 'कॉस्मेटिक' या शब्दाचा गुंता

लग्नसराई जवळ आली की नागपुरात रामदासपेठ-धंतोलीकडच्या क्लिनिकांत ओठ, गाल, नाक भरून घेण्याची चौकशी वाढते. सुईने टोचून भरायचं हे द्रव्य म्हणजे फिलर. चेहऱ्यात काहीतरी टोचून भरण्याचा उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. आधी पॅराफिन होतं, मग पातळ सिलिकॉन. दोन्हींच्या गाठी झाल्या. 1981 मध्ये अमेरिकेत गाईच्या कोलॅजनला आणि 2003 मध्ये हायलुरोनिक आम्लाच्या जेलला परवानगी मिळाली.

खरा घोळ 'कॉस्मेटिक' या शब्दात आहे. आपल्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंगाला चोळायची, शिंपडायची, फवारायची वस्तू. आणि त्याच व्याख्येत 'शरीरात घालायची' असंही म्हटलं आहे. या दोन शब्दांनी किती गैरसमजाला जागा दिली! फिलर मात्र क्रीमच्या रांगेत बसत नाही. तो वैद्यकीय उपकरण गणला जातो, त्याला 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत, आणि 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या लेखी औषधंच आहेत. पण हे नियम बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला बांधतात. सुई कुणाच्या हातात, याचं उत्तर त्यांत नाही. त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन आणि दंतवैद्य यांच्यातला वाद याच जागी पेटतो. मला तो वाद दुय्यम वाटतो, कारण पार्लरच्या खुर्चीत सुई धरणारा हात या तिघांपैकी कुणाचाच नसतो.

भुवयांमधल्या आणि नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. जेल चुकून वाहिनीत गेलं, तर दाबाने उलटं सरकून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तोडू शकतं. नजर जाते, आणि ती परत येणं फार दुर्मीळ. त्वचेत अडलं तर ती आधी पांढरी पडते, मग जांभळट जाळी दिसते, पुढे कुजते. अमेरिकी नियामकाने 2015 मध्ये याचा इशारा दिला. 2021 मध्ये सुईविना दाबाने जेल घुसवणाऱ्या पेनांबद्दलही दिला, कारण ती थेट ग्राहकांना विकली जात होती.

हायलुरोनिक आम्ल विरघळवणारं हायलुरोनिडेज उपलब्ध आहे. कॅल्शियमचा फिलर किंवा सिलिकॉन त्याने विरघळत नाही. म्हणून डब्यावरचं नाव आणि बॅच क्रमांक लागतो. टोचून घेतलेल्या बाईला तो दिलेलाच नसेल, तर पुढच्या डॉक्टरला ती नेमकं काय सांगणार?