स्टिअरिंग सरळ, गाडी वाकडी

"मामा, कालच अलाइनमेंट केलं, तरी ही उजवीकडे उडी मारते!" गोव्यात फोंड्याच्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) भाचा आणि त्याचे मित्र पाइप वेल्ड करून बग्गी बांधतायत. (फक्त कुळागरात फिरवायला, आरटीओची भानगड नको.) डावं चाक चिऱ्याच्या तुकड्यावर चढलं की स्टिअरिंग घट्ट धरलेलं असूनही गाडी उजवीकडे जायची. एकाने पुढे लिंबू-मिरची बांधलीच. मी म्हटलं, बांधा, चाकाच्या कोनाला त्याचा काही उपद्रव नाही.

अलाइनमेंट केलं की सगळं झालं, हा समज घट्ट आहे. पण ते मोजमाप गाडी उभी असताना, एकाच उंचीवर होतं. दोष दिसतो तो चाक वर-खाली होताना. याला बंप स्टिअर म्हणतात.

चाकाला धरणारे विशबोन (चाक आणि चॅसीस जोडणारे दांडे) आतल्या बिजागरीभोवती फिरतात, म्हणून चाक वर चढताना कंसात जातं आणि थोडं आत सरकतं. आमच्या बग्गीत वरचा-खालचा विशबोन समांतर आणि 300 मिलिमीटरचा. चाक 50 मिलिमीटर उचललं की ते 4.2 मिलिमीटर आत येतं (पायथागोरस, शाळेतला). चाकाला वळवणारा टाय रॉडही कंसातच फिरतो, पण स्टिअरिंगचा रॅक (रॉडना डावी-उजवीकडे सरकवणारी दातेरी पट्टी) भंगारातल्या मारुती 800 चा असल्याने आमचा रॉड 350 चा झाला. त्याचं टोक 3.6 मिलिमीटरच आत येतं. उरलेले 0.6 कुठे जाणार? चाकाला वळवण्यात. आमचा रॅक अ‍ॅक्सलच्या मागे आहे, म्हणून चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते आणि नाक आत वळतं, म्हणजे टो-इन. डाव्या चाकाचं नाक आत म्हणजे उजवीकडे. उडीचं कारण सापडलं, पण अर्धंच.

मोजायला स्प्रिंग काढली, स्टिअरिंग मधोमध बांधलं, चॅसीस जॅकस्टँडवर ठेवलं. चिऱ्यांवर नाही, चिरा भाराखाली फुटू शकतो. हबवर (चाक जिथे बसतं त्या भागावर) पुढे रोखलेला लेझर पॉइंटर बसवला आणि 5 मीटरवरच्या भिंतीवर कागद चिकटवला. जॅकने चाक 10-10 मिलिमीटर हलवत प्रत्येक वेळी ठिपक्याची खूण केली. चाक स्वतः आत सरकतं तेवढं वजा केलं, ही पायरी मुलं पहिल्यांदा विसरली होती.

50 मिलिमीटर वर नेलं तेव्हा ठिपका 55 मिलिमीटर आत आला. 50 खाली नेलं तर उलट, जेमतेम 4 मिलिमीटर बाहेर. मला यातच खरी मजा वाटते. रॉडची लांबी चुकली असेल तर चाक वर जावो वा खाली, ते एकाच दिशेला वळतं. उंची चुकून रॉड तिरका झाला असेल तर वर एका दिशेला, खाली विरुद्ध. आमच्या गाडीत दोन्ही दोष होते. वर जाताना त्यांची बेरीज व्हायची, खाली जाताना ते एकमेकांना खायचे. ते वेगळे काढणं सोपं आहे: 55 मधून 4 वजा करून निम्मे केले की सुमारे 25, हा लांबीचा दोष. बेरीज करून निम्मे केले की 29.5, हा उंचीचा.

29.5 चा हिशेब उलटा लावू. स्टिअरिंग आर्म (टाय रॉड जोडलेला चाकाकडचा दांडा) 120 मिलिमीटरचा, भिंत 5,000 वर, म्हणून रॉडच्या टोकाशी 0.71 मिलिमीटर. त्याला 350 ने गुणून 50 ने भागलं की 5 मिलिमीटर. रॉडचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा तेवढं खाली होतं! म्हणजे 5 मिलिमीटरची उंची चुकणं हे 50 मिलिमीटरची लांबी चुकण्याहून जड पडलं. म्हणून गाडी न मोजता ऑनलाइन मिळणारी "बंप स्टिअर किट" मागवू नका. त्यातही शेवटी स्पेसरच असतात. ते किती जाडीचे आणि कुठे घालायचे, हे मोजमापच सांगतं.

आम्ही स्टिअरिंग आर्म आणि रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा) यांच्यामध्ये 5 मिलिमीटरचे वायसर घातले, थोडा लांब बोल्ट घेतला, दुसऱ्या बाजूलाही तेच केलं. पुन्हा मोजलं तेव्हा वर-खाली दोन्हीकडे ठिपका सुमारे 25 मिलिमीटर आत. लांबीचा दोष उरलाच. त्यासाठी रॅक कापायचा किंवा विशबोन नव्याने बांधायचे. भाचा कापायला उतावीळ आहे. मी ग्राइंडर लपवून ठेवलाय.