मावशीचं इंजेक्शन, काकांचा जीए आणि मधे एक गोळी

डिसेंबरात निफाड तालुक्यात मावशीकडे गेले होते, काका बागेत बायकांकडून द्राक्षाच्या घडांना जीएचं डिपिंग, म्हणजे जीएच्या पाण्याच्या मगात घड बुडवणं, करवून घेत होते आणि मावशी आत फ्रीजपाशी वैतागून उभी, कारण रात्रभर लाइट नव्हती आणि तिचं आठवड्याचं शुगरचं इंजेक्शन त्या फ्रीजमधे होतं. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, अगं बीपीची गोळी आहे, थायरॉइडची आहे, मग ह्याचीच का नाही?

प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि उत्तराची सुरुवात काकांच्या त्या मगातच आहे.

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, वनस्पतीतलं हार्मोन. पाण्यात अगदी थोड्या पीपीएममधे (दहा लाख भागांत किती भाग ते) कालवायचं, घड बुडवून काढायचा की मणी फुगतो. हा रेणू एवढासा, रेणूभार 346, पेशीच्या आत जातो, तिथल्या रिसेप्टर नावाच्या प्रोटीनच्या खाचेत बसतो आणि त्याच्यावर झाकण मिटतं. मग वाढ दाबून धरणारी प्रोटीनं हटवली जातात आणि मण्याच्या पेशी वाढायला लागतात. (हा रिसेप्टर 2005 मधे जपानी शास्त्रज्ञांनी भातात शोधला.) थायरॉइडचं हार्मोनसुद्धा असंच लहान आहे, म्हणून ती गोळी चालते.

मावशीच्या इंजेक्शनमधलं सेमाग्लुटाइड मात्र जीएलपी-1 ह्या आपल्याच आतड्यातल्या हार्मोनची नक्कल आहे, आणि ते हार्मोन म्हणजे 30 अमिनो ॲसिडची माळ. ही माळ गिळली तर पोट तिला वरणातल्या प्रोटीनसारखं पचवून टाकतं. रक्तात सोडली तरी अस्सल जीएलपी-1 दोनेक मिनिटांत अर्धं संपतं, डीपीपी-4 नावाचं एन्झाइम त्याचं टोक कापतं. टेनेलिग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन ह्या आपल्याकडे घरोघरी असलेल्या शुगरच्या गोळ्या त्या एन्झाइमला अडवतात, म्हणजे आपलंच जीएलपी-1 जरा जास्त टिकतं, पण जीएलपी-1 ज्यात बसतं तो रिसेप्टर त्या स्वतः चालू करत नाहीत. हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो.

सेमाग्लुटाइडचीही गोळी निघाली, 2019 ला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण माळ ती माळच, त्यातलं साधारण एक टक्का किंवा त्याहून कमीच रक्तात पोचतं, म्हणून जिथे इंजेक्शन आठवड्याला 1 मिलिग्रॅम तिथे शुगरसाठीची गोळी रोज 14 मिलिग्रॅमपर्यंत जाते, तीही उपाशीपोटी, अर्ध्या कपाएवढ्या पाण्याबरोबर आणि मग अर्धा तास चहासुद्धा नाही. शेतावर जाणाऱ्या बाईला हे रोज जमवणं अवघडच.

मग औषधं शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी ठरवलं की माळच नको, जीएसारखा लहान रेणू करू आणि त्यानेच हा रिसेप्टर चालू करू. वर्षानुवर्षं जमलं नाही, आणि का ते मला फार आवडतं सांगायला. हा रिसेप्टर पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर विणलेला असतो, वर एक मोठा प्रोटीनचा पंजा. हार्मोनची माळ लांब असते, एक टोक पंजात धरलं जातं, दुसरं सात दांड्यांच्या मधल्या खोबणीत खोल उतरतं, दांडे सरकतात, आतल्या बाजूला सीएएमपी नावाचं निरोप पोचवणारं रसायन तयार होतं आणि स्वादुपिंडाची पेशी इन्सुलिन सोडते, तेही रक्तात साखर जास्त असेल तरच. मेंदूतल्या ह्याच रिसेप्टरमुळे भूक कमी होते. आता एवढ्या लांब माळेचं काम बारक्या रेणूने करायचं कसं? तर ऑरफोरग्लिप्रॉन नावाचा रेणू, रेणूभार साधारण 883, म्हणजे सेमाग्लुटाइडच्या पाव भागापेक्षाही कमी, तो दांड्यांच्या वरच्या तोंडाशी पाचरीसारखा बसतो आणि पंजातल्या 33 क्रमांकाच्या ट्रिप्टोफॅन ह्या अमिनो ॲसिडला टेकतो. हे ट्रिप्टोफॅन माणसात आहे, माकडात आहे, उंदरात नाही, त्याच्याकडे तिथे सेरीन आहे. म्हणून साध्या उंदरावर औषध निकामी दिसतं, माणसाचा जीन घातलेले उंदीर करावे लागले. एका अमिनो ॲसिडचा फरक फक्त!

हा रेणू जपानच्या चुगाई कंपनीत सापडला, अमेरिकेच्या लिली कंपनीने 2018 मधे घेतला. 2025 मधे आलेल्या ट्रायलमधे 3000 वर लोकांमधे 72 आठवड्यांनी सगळ्यात मोठ्या डोसवर सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, नुसत्या खोट्या गोळीवर 2 टक्के. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या डोसच्या इंजेक्शनने आधीच्या एका ट्रायलमधे 15 च्या जवळ उतरलं होतं, त्यामुळे गोळी इंजेक्शनपेक्षा भारी असं कुणी सांगत असेल तर ते मला पटत नाही. मळमळ, उलट्या इथेही आहेतच. पण ती जेवणाआधी-नंतर कधीही घेता येते, आणि माळ जोडत बसण्यापेक्षा असा रेणू कारखान्यात करणं सोपं.

लहान रेणूचा धोकाही वेगळा असतो बरं का, तो लिव्हरमधून जातो. फायझरने अशीच डानुग्लिप्रॉन नावाची गोळी एप्रिल 2025 मधे थांबवली, ट्रायलमधल्या एका माणसाच्या लिव्हरला त्रास झाल्याची शक्यता दिसली म्हणून, औषध बंद केल्यावर तो बरा झाला. एका माणसासाठी थांबवलं, आणि योग्य केलं असं मला वाटतं, कारण ही औषधं लोक वर्षानुवर्षं घेणार आहेत.

मावशीला हे सगळं चुलीपाशी बसून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे तुझ्या काकांचा जीए पाण्यात कालवला की झालं आणि माझ्या औषधाला फ्रीज, एवढंच ना? हो म्हटलं. मग तिने काकांना हाक मारून इन्व्हर्टरचं विचारायला लावलं, आणि आम्ही ते इंजेक्शनचं पेन थर्मासमधे घालून डॉक्टरांना दाखवायला नाशिकला गंगापूर रोडला निघालो.