तुमचा नंबर कुणाकुणाकडे सेव्ह आहे? जनसंपर्क आणि सोशल मीडियाचं काम आम्ही कसं करतो

आमच्याकडे येणारे बहुतेक व्यावसायिक आधी विचारतात, "महिन्याला किती फॉलोअर वाढवून द्याल?" आम्ही उलट विचारतो, तुमच्या दुकानाचा नंबर किती गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये सेव्ह आहे?

प्रश्न कामाचा आहे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. कुठून तरी मिळालेल्या पाच हजार नंबरांची यादी घेऊन आलात, तर आम्ही ती हातात घेत नाही. अनोळखी लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि शेवटी तुमचाच नंबर बंद पडतो.

मग नंबर सेव्ह कधी होतो? नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदारांना औषधं विकणारं एखादं कृषी सेवा केंद्र घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की बागायतदाराच्या डोक्यात एकच विषय असतो, डाउनी हा बुरशीचा रोग. त्या दिवशी "दिवाळी धमाका, भरघोस सूट" असं रंगीत पोस्टर टाकलं तर बघतो कोण! त्यापेक्षा दुकानदाराने स्वतःच्या आवाजात छोटा निरोप टाकावा: "दादा, आज बागेत चक्कर मारा, पान उलटं करून बघा. खालून पांढरी बुरशी दिसली तर फोटो पाठवा, मग औषधाचं बोलू." ज्याने फोटो पाठवला त्याला त्याच दिवशी उत्तर मिळालं, तर तो नंबर सेव्ह करतो आणि शेजारच्या बागवाल्यालाही देतो. असा निरोप आम्ही लिहून देणार नाही. तो तुमच्याच तोंडून हवा. कधी टाकायचा, कुणाला टाकायचा, आलेल्या फोटोंना उत्तर गेलं की नाही, हे आम्ही बघू.

गुगलवरच्या नाराज रिव्ह्यूंचंही तसंच आहे. समजा एखाद्या मिसळवाल्याला कुणी लिहिलं, "रस्सा थंड, मागितला तर कुणी लक्ष दिलं नाही." त्यावर "आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार" असं छापील उत्तर म्हणजे गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा थंड रस्सा वाढणं. आम्ही आधी तुम्हाला फोन करतो: त्या दिवशी नेमकं काय झालं? मग उत्तर जातं, ते असं: "रविवारी सकाळच्या गर्दीत वाढपी कमी पडले, चूक आमची. आता रश्श्यासाठी वेगळा माणूस ठेवला आहे." वेगळा माणूस खरोखर ठेवला असेल तरच हे वाक्य लिहू. बिलात सूट देऊन चांगले रिव्ह्यू लिहून घेणं गुगलच्या नियमात बसत नाही आणि आम्हीही त्यात पडत नाही. विकत मिळणारे फॉलोअरही नकोत. ते औषधं विकत घेत नाहीत आणि मिसळ खायलाही येत नाहीत.

इन्फ्लुएन्सरकडून रील करून घ्यायची असेल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. पैसे दिले, फुकट जेवण दिलं किंवा साडी भेट दिली, तर ते रीलमध्ये स्पष्ट दिसलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशा सूचना काढल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. "एवढं कोण बघतं" म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.

वर्तमानपत्रांबद्दल थोडक्यात. नव्या शाखेच्या फीत कापण्याची प्रेसनोट बातमीदाराच्या टेबलावर रोज पडते. त्याला वाचकाच्या उपयोगाचं काही द्या. आणि नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखानदारांना खास विनंती: शेजारच्या वस्तीतून वासाची किंवा सांडपाण्याची तक्रार आली आणि बातमीदाराचा फोन वाजला, तर तो उचला. "माहिती घेऊन संध्याकाळपर्यंत सांगतो" एवढं बोलून संध्याकाळी खरंच फोन करा. वस्तीतल्या लोकांना मात्र त्याआधी भेटून या. पेपरात खुलासा छापून आणण्यापेक्षा ती भेट जास्त कामाची.

२०१५ नंतरच्या नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं २०२७ मध्ये आहेत. पंचवटी, रामकुंड परिसरातल्या दुकानदारांनी आणि लॉजवाल्यांनी गुगल मॅपवरची वेळ, फोन नंबर आणि नेमकी जागा आत्ताच तपासून घ्यावी. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात. भाविकाला कुठून चालत यायचं हे हिंदीतही सांगावं लागेल.

पहिल्या भेटीला येताना दुकानाचा फोन सोबत आणा, लोगो नंतर बघू. गेल्या महिन्यातले उत्तर न दिलेले मेसेज आपण एकत्र बसून वाचू. दुकानातल्या एका माणसाचं नाव ठरवून या, जो आमचा फोन आला की गल्ल्यावर गर्दी असली तरी दोन मिनिटं देईल. पहिल्या महिन्यात नवी पोस्ट एकही टाकणार नाही. आधी जुन्या मेसेजना उत्तरं जातील.