विकास आराखड्यावरील हरकती आणि रहिवासी संघ

कोणत्या भूखंडावर शाळा, बाग, दवाखाना किंवा रस्ता येणार हे ठरवणारा कायदेशीर नकाशा म्हणजे शहराचा विकास आराखडा (डीपी). महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार तयार होतो. कलम 26 खाली प्रारूप (आराखड्याचा मसुदा) प्रसिद्ध झाले की कोणालाही हरकत घेता येते. त्यासाठी रहिवासी संघ नोंदणीकृत असावा लागत नाही. गृहनिर्माण संस्थेच्या नावाने हरकत देताना मात्र ठराव जोडावा, नाहीतर ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ यातच सुनावणी संपते.

खरे काम प्रारूपाच्या आधीचे, आणि बहुतेक संघ तिथेच चुकतात. आराखड्याचा पाया म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशा. मुलांचे रोजचे मैदान त्यात ‘रिकामी जागा’ म्हणून नोंदले गेले, तर पुढे तिथे काहीही येऊ शकते. म्हणून हा नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरावे आणि विहीर, मंडई, स्मशानभूमी, गावठाणाची हद्द ताडून पाहावी. मुंबईच्या आराखड्याचे 2015 मधले प्रारूप उभ्या इमारतींवरून नेलेले रस्ते, गाळलेल्या वारसा वास्तू अशा चुकांनी भरलेले होते. 60 हजारांहून अधिक हरकती आल्या आणि सरकारला ते नव्याने करायला लावावे लागले. सुधारित प्रारूप 2016 मध्ये आले, आराखडा 2018 मध्ये लागू झाला.

‘आम्हाला हा रस्ता नको’ ही हरकत टिकत नाही. नकाशाच्या शीटचा क्रमांक, जागेचा सीटीएस (नगर भूमापन) किंवा सर्व्हे नंबर, आज जागेवर काय आहे, काय बदल हवा आणि पर्यायी जागा कोणती, एवढे एका पानात लिहावे. सोबत मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि लाल शाईने खूण केलेली शीटची प्रत जोडावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मुदत राजपत्रातल्या तारखेपासून मोजावी. एकाच मजकुराची पाचशे पत्रे कार्यालयात एकत्र बांधली जातात आणि मुद्दा एकच उरतो. वेगवेगळ्या भूखंडांवरच्या वीस नेमक्या हरकती त्याहून भारी पडतात.

सुनावणी नियोजन समिती घेते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे 3 सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त 4 जाणकार असतात. वेळ मोजका मिळतो, म्हणून बोलणारा एकच ठेवावा आणि नकाशा टेबलावर उलगडूनच सुरुवात करावी.

मंजुरीनंतर संघ पांगतात, आणि मैदाने जातात ती त्याच काळात. सरकारने मोठे बदल सुचवलेला भाग (ईपी) पुन्हा हरकतींसाठी येतो. कलम 37 खाली एखाद्या भूखंडाचे आरक्षण (म्हणजे तो शाळा, बाग अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेला असणे) बदलायची सूचना निघते, तिच्यावर हरकतीला जेमतेम महिना मिळतो. कलम 127 तर सर्वांत धोक्याचे: आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना (जागा घ्या अशी नोटीस) देतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत की आरक्षण रद्द होते. प्रभागातल्या आरक्षणांची तारखेनिशी वही ठेवावी आणि कोणत्या जागेवर खरेदी सूचना आली आहे का, हे दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात विचारावे.